काटा कोणाच्या हातीं?

नांदूरघाटच्या बाजारांत तूर घालणारा शेतकरी, आणि त्याच बाजारांत तुरीची डाळ घेणाराहि शेतकरीच. पहिल्या वेळीं भाव सांगतो व्यापारी, दुसऱ्या वेळीं भाव सांगतो दुकानदार. आमच्या माणसाच्या तोंडीं दोन्ही वेळां तेंच उत्तर असतें: "बरं, काय द्यायचं तें द्या," आणि "बरं, काय घ्यायचं तें घ्या." विकणें आणि घेणें या दोन गोष्टी जन्मभर करीत आलेल्या माणसाला विकण्याघेण्याची विद्या येऊं नये, ही नवलाची गोष्ट खरी. पण ती त्याला शिकविली कोणीं? पोथी भटजीच्या घरीं राहिली, खतावणी शेटजीच्या घरीं राहिली, आणि नांगर, घण, चाक व रापी आमच्या वांट्याला आलीं. पोथीच्या कुलपावर जोतीरावांनीं १८७३ सालीं सत्यशोधक समाज काढून घाव घातला. खतावणीचें कुलूप मात्र अजून पुरतें निघालें नाहीं. म्हणून या अंकीं निवडणुकीची वटवट बाजूस ठेवून आम्ही दुकानाची गोष्ट सांगणार आहों.

प्रथम बाजारांत माठ मांडून बसलेल्या कुंभाराकडे पाहा. त्यानें माती मळली, चाक फिरविलें, आवा लावला. हें झालें त्याचें कारागिराचें काम. पण एवढ्यावर पैसा येत नाहीं. माठ टेंपोंत घालून आणावे लागतात, वाटेंत एखादा फुटतो, दिवसभर उन्हांत बसावें लागतें, दहा बायका टिचकी मारून पाहतात तेव्हां एक घेते, आणि संध्याकाळीं राहिलेले माठ परत न्यावे लागतात. हें जें दुसरें काम, याचेंच नांव किरकोळ दुकानदारी. कुंभारानें हेच माठ घरबसल्या एखाद्या व्यापाऱ्याला सरसकट दिले, तर भाव कमी मिळतो. कारण वाहतूक, फूट, बसणें आणि न खपल्याचा धोका हीं सारीं त्यानें दुसऱ्याच्या डोक्यावर दिलीं. मेथीची जुडी घेऊन बसलेल्या आमच्या शेतकरी बाईचेंहि तेंच. सकाळीं दहाला गेलेली जुडी दिवस कलला कीं पांचाला द्यावी लागते. तिच्या हातचा माल तासातासानें मरतो, आणि त्या मरणाची किंमत सकाळच्या दहा रुपयांत आधींच धरावी लागते.

बलुत्याच्या काळीं हा हिशेब नव्हता. सुतार, लोहार, चांभार वर्षभर काम करीत आणि खळ्यावर धान्य घेत. तो काळ चांगला होता असें आम्ही म्हणत नाहीं. खळ्यावर कोणाला किती अपमान गिळावा लागे तें आमच्या वाचकांच्या आज्यांना ठाऊक होतें. पण बलुतें गेलें, रोकड आली, आणि रोकडीचा हिशेब मात्र आमच्या घरांत कोणीं आणला नाहीं.

आतां तुरीकडे वळूं. समजा, केजच्या बाजार समितींत तुरीला क्विंटलमागें सात हजार रुपये मिळाले, म्हणजे किलोला सत्तर. तीच तूर लातूरच्या गिरण्यांत जाते, कारण डाळीच्या गिरण्यांची ती मोठी पेठ आहे, आणि डाळ होऊन पुन्हां आपल्याच गांवीं येते. दुकानांत भाव एकशेंचाळीस. शेतकरी कपाळाला हात लावतो: "सत्तराची तूर, दुप्पट कशी झाली?" आमचे कांहीं व्याख्याते येथेंच टेबलावर मूठ आपटतात आणि दुकानदाराला चोर ठरवितात. टाळ्या पडतात, पण हिशेब चुकतो. शंभर किलो तुरीची डाळ सुमारें सत्तर-बहात्तर किलोच निघते. बाकीचें टरफल, चुनी आणि भरडा. सात हजारांना बहात्तरांनीं भागा, तर कोणीं एक पैसाहि नफा न घेतां डाळीची किंमत सत्त्याण्णव रुपयांवर जाते. चुनी ढोरांच्या पेंडीला विकली जाते तेवढी वजा करावी. राहिलेल्या चाळीस-बेचाळीस रुपयांत हमाली, गाडीभाडें, दळणावळ, बारदान, गिरणीवाल्याचा नफा, घाऊक व्यापाऱ्याचा नफा, घट आणि शेवटीं गांवच्या दुकानदाराचा नफा इतक्यांचीं तोंडें आहेत. हे आंकडे आम्ही हिशेबाच्या सोयीसाठीं धरले आहेत. आपल्या पावतीवरचे आंकडे घालून ज्यानें त्यानें हा हिशेब घरीं करून पाहावा.

मालामालांत फरक किती पडतो हें पाहावयाचें असेल, तर २०२४ सालीं रिझर्व्ह बँकेच्या अभ्यासकांनीं काढलेले आंकडे पाहा. गिऱ्हाइकानें दिलेल्या रुपयांतून टोमॅटोच्या शेतकऱ्याच्या हातीं सुमारें ३३ पैसे पडतात, कांद्याच्या ३६ आणि बटाट्याच्या ३७. तुरीच्या डाळींत मात्र ६५ पैसे पडतात. तूर वर्षभर पोत्यांत राहते, टोमॅटो चार दिवस राहत नाहीं. जो माल थांबूं शकतो, त्याचा मालकहि थोडा थांबूं शकतो. ज्याचा माल नासतो, त्याला व्यापाऱ्याच्या पुढें तोंड उघडतां येत नाहीं, हें त्या आंकड्यांच्या पोटांत आहे.

दुकानदार आपल्यासाठीं करतो तरी काय? तो पोतें फोडतो. घाऊकवाला पन्नास किलोचें पोतें देतो. आपल्याला लागते पाव किलो, तीहि संध्याकाळीं सातला, चूल पेटल्यावर. पोत्याची पाव किलो करणें आणि ती आपल्याला लागेल त्या घटकेला हातीं देणें, ही त्याची चाकरी. तिची मजुरी त्यानें घ्यावी, यांत आम्हांला कांहीं वावगें दिसत नाहीं. किती घ्यावी, आणि आपल्याला न कळतां किती घेतो, हा खरा प्रश्न.

आणि येथें आमच्या लोकांची एक मोठी गैरसमजूत आहे. त्यांना वाटतें, जो शेंकडा जास्त नफा घेतो तो श्रीमंत होतो. तसें नाहीं. दोन दुकानें घ्या. दोघांनींहि दहा दहा हजार रुपये मालांत घातले. एक किराणावाला, तो साखर, तेल, गूळ यांवर सरासरी शेंकडा पांचच चढवितो, पण त्याचा माल पंधरा दिवसांत खपतो व तेच दहा हजार तो पुन्हां मालांत घालतो. असे वर्षांत चोवीस फेरे. दर फेऱ्याला पांचशें, म्हणजे वर्षाला बारा हजार. दुसरा कापडवाला, तो शेंकडा तीस चढवितो, पण त्याचें कापड दिवाळीला आणि लग्नसराईला असें दोनदांच फिरतें. तीन हजार आणि तीन हजार, झाले सहा हजार. तिसावाला शेटजी म्हणून गावभर बदनाम, आणि पांचवाला "आपला गरीब दुकानदार". घरीं बारा हजार कोण नेतो तें पाहा! दुकानाचें पोट चढविण्यावर भरत नाहीं, फिरण्यावर भरतें. घरांत पडून राहिलेला माल म्हणजे बांधून ठेवलेला बैल. वैरण खातो, काम करीत नाहीं.

शेंकड्याच्या हिशेबांतहि एक गोम आहे. ऐंशीला घेऊन शंभराला विकलें, तर घेतलेल्या किंमतीवर नफा शेंकडा पंचवीस होतो आणि विकलेल्या किंमतीवर शेंकडा वीस. "आम्हांला काय, वीसच सुटतात" असें कोणी म्हणालें, तर कशावर वीस तें विचारावें. नव्यानें दुकान घालणारीं आमचीं पोरें नेमकीं येथेंच फसतात. ऐंशीवर वीस टक्के म्हणून शहाण्णवला विकतात आणि वर्षाच्या शेवटीं चार रुपये कोठें गेले म्हणून शोधीत बसतात.

सुट्या मालाचें हें असें. शिक्केबंद मालाची वाट निराळी. साबण, बिस्किट, चहा हीं कंपनीकडून तिच्या आगारांत, तेथून तालुक्याच्या वितरकाकडे, ज्याला आपण एजन्सीवाला म्हणतों, आणि तेथून आठवड्याच्या फेरींत गांवच्या दुकानीं येतात. एजन्सीवाला शेंकडा चार-सहा ठेवतो, दुकानदाराला आठ-दहा-बारा सुटतात, शिवाय "डझनावर एक फुकट" अशी स्कीम. पुड्यावर छापलेली किंमत ही कर धरून असते व ती जास्तींत जास्त असते. तिच्यावर एक पैसा घेणें गुन्हा आहे, तिच्या खालीं विकण्याला मुभा आहे. आमच्या लोकांना मात्र ती देवाची रेघ वाटते. छापील किंमत दिली कीं आपण बरोबर घेतलें असें समाधान! पाण्याच्या बाटलीवर "थंड केल्याचे" म्हणून पैसे वर मागतात, तो गुन्हाच. २२ सप्टेंबर २०२५ पासून साबण, टूथपेस्ट, केसांचें तेल यांवरील जीएसटी शेंकडा १८ वरून ५ वर आला. आपल्या दुकानांतल्या वडीवरची किंमत उतरली कीं नाहीं, तें त्या वेळीं किती घरांनीं पाहिलें? उलट १८ जुलै २०२२ पासून पाकिटांत भरलेल्या डाळ-तांदळाला शेंकडा ५ कर लागला, आणि पोत्यांतून सुटी मोजून दिलेली डाळ करमुक्त राहिली. पाकिटावरचें चित्र चकचकीत असतें म्हणून आंतली डाळ जास्त शिजते असें नाहीं.

पांच रुपयांच्या पुड्याची गंमत तर लहान मुलांनाहि कळली पाहिजे. महागाई आली तरी पुडा पांचाचाच राहतो. घटतें तें आंतलें वजन. किंमत डोळ्यांना दिसते, वजन दिसत नाहीं, हें कंपनीच्या हुशार लोकांना आपल्यापेक्षां आधीं कळलें. म्हणून आतां पाकिटावर एका ग्रॅमला अगर एका किलोला काय पडतें तेंहि छापण्याचा नियम झाला आहे. अक्षरें मुंगीएवढीं असतात, पण शाळेंत जाणाऱ्या पोराचे डोळे चांगले असतात. मोठा पुडा नेहमीं स्वस्तच असतो असें मात्र धरूं नये. शांपूची एक रुपयाची पुडी पुष्कळदां बाटलीपेक्षां स्वस्त पडते. गरिबाची पुडी जास्त खपते, म्हणून कंपन्यांची चढाओढ तिच्यावरच असते.

वजनाविषयीं थोडेंच सांगतों. आमच्या मराठवाड्यानें १९४८ सालीं निजामी अंमल जाईपर्यंत दुहेरी फसगत सोसली. पायलीचें माप गांवोगांव निराळें, आणि नाणेंहि निराळें. सात हाली रुपये दिले तेव्हां सहा कलदार मिळत. आणि हा हिशेब ज्याला येई तोच बाजारांत शहाणा. १९५६ च्या कायद्यानें किलो व लिटर आले आणि ही भानगड मिटली. आतां इलेक्ट्रॉनिक काट्यावर वैधमापन खात्याचा शिक्का दरवर्षीं व्हावा लागतो. शिक्का कोठें आहे असें विचारणें म्हणजे भांडण काढणें नव्हे. काटा शून्यावर आहे कीं नाहीं तें आधीं पाहावें आणि खोक्यासकट मिठाई मोजूं देऊं नये. शिकलेल्या माणसाच्या घरीं हें आपोआप होतें; आमच्याकडे मात्र लाज वाटते. लाज काटा मारणाऱ्यानें बाळगावी.

पण खरी मेख काट्यांत नाहीं. ती वहींत आहे.

दसरा आला कीं आमच्या केज तालुक्यांतून आणि शेजारच्या डोंगरपट्ट्यांतून ऊसतोडीला जोडपीं निघतात. मुकादमाची उचल हातीं येते, आणि ती घरीं पोंचण्याच्या आधीं तिच्यांतला मोठा लचका दुकानाच्या वहींत जातो. पावसाळाभर आणलेलें तेल, मीठ, चहा, साखर, पोरांच्या वह्या. वहीवर आंकडा दुकानदाराच्या हातचा, बेरीज दुकानदाराची, आणि आमच्या माणसाची फक्त मान हलविणें. समजा, जो माल रोखीनें शंभराला मिळतो तो उधारीनें एकशेंदहाला लावला, आणि पैसे चार महिन्यांनीं दिले. दहाच रुपये तर, असें वाटतें. पण चार महिन्यांला दहा म्हणजे वर्षाला तीस. शेंकडा तीस! पीककर्ज वेळेवर फेडलें तर शेंकडा चारानें पडतें. बायकांच्या बचत गटानें दरमहा शेंकडा दोन घेतले तरी वर्षाला चोवीसच. सावकाराकडे जातांना आपण दहा वेळां विचार करतों, आणि सावकारी चहापुडींत घालून दिली कीं ती आपल्याला दिसत नाहीं.

व्याजाहून वाईट गोष्ट दुसरीच. उधारीच्या गिऱ्हाइकाला तोंड नसतें. रोखीचें गिऱ्हाईक डाळीला कीड लागली म्हणून परत देतें, समोरच्या दुकानांत जातें, वजन पुन्हां करावयास लावतें. उधारीवाला यांतलें कांहीं करूं शकत नाहीं. केलें तर दुकानदार नुसती वही उघडतो. "उधारीचें पोतें सव्वा हात रितें" ही म्हण आमच्या लोकांनींच केली, आणि तें रितें पोतें पाठीवर घेऊन तेच चालत आले.

ज्याच्या हातीं काटा, त्याच्याच हातीं वही, आणि त्याच्याच हातीं आपला माल घेण्याचा भाव, असें तीन पदरी दावें गळ्यांत पडलें म्हणजे काय होतें, याचा दाखला पुणें जिल्ह्यांतील सुपें गांवानें दिलेला आहे. १२ मे १८७५ रोजीं तेथील शेतकरी जमले, दुकानदार-सावकारांचीं घरें त्यांनीं घेरलीं, आणि मागणी काय केली? वह्या द्या, रोखे द्या. त्या जाळल्या. धान्याचीं दुकानेंहि लुटलीं गेलीं. लोण पुणें आणि नगर जिल्ह्यांत पसरलें, सरकारनें चौकशीला कमिशन नेमलें, आणि १८७९ सालीं दक्षिणेंतील शेतकऱ्यांचा कायदा झाला. त्या कायद्यांत एक कलम असें होतें कीं, शेतकऱ्यानें मागितल्यास सावकारानें त्याला लेखी पावती द्यावी, वर्षाचा हिशेब लिहून द्यावा, आणि देण्याघेण्याचें एक पासबुक त्याच्या हातीं ठेवावें. आमचा बीड जिल्हा तेव्हां निजामाकडे, म्हणून तो कायदा आमच्या वाट्याला आला नाहीं. जाळण्याचा मार्ग आम्ही आज सांगत नाहीं. पण त्या अडाणी म्हटलेल्या शेतकऱ्यांनीं घाव कोठें घातला तें पाहा. तिजोरीवर नव्हे, वहीवर.

आतां दुकानदाराच्या बाजूनेंहि बोललें पाहिजे, कारण शेटजी ही कांहीं जात नव्हे, तो एक धंदा आहे, आणि आज नांदूरघाटासारख्या गांवीं गल्ल्यावर आपल्याच समाजाचीं पोरें बसलेलीं दिसतात. समजा, अशा एकाची महिन्याची विक्री एक लाख आहे. शेंकडा दहा सुटले, म्हणजे दहा हजार. भाडें, वीज, हमाली, मालाला जाण्यायेण्याचा खर्च मिळून पांच गेले. उरले पांच हजार, त्यांत त्याचें घर. या लाखांतली उधारी दोन हजारांची बुडाली, तर त्याच्या घरच्या पांचांतले दोन गेले. बुडालेला एक रुपया भरून काढावयास त्याला दहा रुपयांचा माल नव्यानें विकावा लागतो. तो हा भार कोणावर टाकतो? न बुडविणाऱ्यावर. बुडव्या पाटलाच्या घरची साखर रोखीनें घेणाऱ्या विधवेच्या डाळीच्या भावांत लपलेली असते. गांवांत मिशीला पीळ देऊन "आमचं खातं आहे तिकडं" म्हणणाऱ्या मोठ्या घरांनीं हें वाक्य दोनदां वाचावें.

आपल्या पोरांचीं दुकानें कां मोडतात? भांडवल नाहीं म्हणून, असें सांगतात. आम्हांला तें अर्धेंच खरें वाटतें. उद्घाटनाला फलक मोठा, हार मोठे, पुढाऱ्याच्या हस्ते फीत, पहिल्या महिन्यांत भावकी येते, "तुझंच दुकान, लिहून ठेव." चुलता लिहून नेतो, मेहुणा न लिहितां नेतो. घरांत साखर संपली कीं बायको दुकानांतून आणते, तिची नोंद नाहीं. संध्याकाळीं गल्ल्यांत आठ हजार दिसतात, पोराला वाटतें आठ हजार मिळाले; त्यांतले सात हजार दोनशें एजन्सीवाल्याचे आहेत हें त्याला सोमवारीं गाडी दाराशीं आल्यावर आठवतें. तोंवर हप्त्यानें मोटरसायकल आलेली असते. मुद्दल आणि नफा यांना एकाच खिशांत ठेवलें म्हणजे दोन्ही जातात. गल्ला उघडतांच मुद्दल निराळें काढणें, घरीं नेलेल्या मालाचीहि चिठ्ठी लिहिणें, आणि भावकीला पहिल्याच दिवशीं हात जोडणें, एवढें ज्याला जमत नाहीं त्यानें दुकान घालूं नये, नोकरी पाहावी. २०१६ पासून आलेल्या यूपीआयनें एक चांगलें केलें: विक्रीची नोंद आपोआप राहते, आणि ती बँकेंत दाखवितां येते. नुसता माल विकणाऱ्याची वर्षाची विक्री चाळीस लाखांच्या आंत असेल, तर साधारणपणें जीएसटीची नोंदणीहि सक्तीची नाहीं. दारें उघडीं आहेत. आंत बसण्याची शिस्त पाहिजे.

व्यापार हा आपला धर्म नव्हे, असें अजून म्हणणाऱ्यांना आम्ही जोतीराव फुल्यांचें चरित्र वाचावयास सांगूं. त्यांनीं कंत्राटें घेतलीं, ओतकामाला लागणाऱ्या सामानाचें दुकान चालविलें, आणि त्या पैशावर शाळा व चळवळ चालविली. शाहू छत्रपतींनीं १८९५ सालीं कोल्हापुरास शाहूपुरीची पेठ वसविली. गुळाच्या व्यापारानें ती नांवारूपास आली. पण याहून मोलाची गोष्ट त्यांच्याच शहरांतल्या एका चहाच्या दुकानाची. अस्पृश्य मानलेल्या समाजांतील गंगाराम कांबळे यांना, पाण्याच्या हौदाला शिवले म्हणून मार बसला. मारणारे भट नव्हते, आपल्यांतलेच होते. हें येथें स्पष्ट लिहिलें पाहिजे. महाराजांनीं त्या मारणाऱ्यांचा समाचार घेतला आणि गंगारामांना स्वतःचा धंदा काढण्यास मदत केली. दुकान निघालें, पण चहा प्यावयास कोण येणार? गिऱ्हाईक नसेल तर दुकान म्हणजे चार भिंती. तेव्हां महाराज स्वतः गाडी थांबवून तेथें चहा घेऊं लागले आणि बरोबरच्या मंडळींनाहि घ्यावयास लावूं लागले. दुसरा राजा देणगी देऊन मोकळा झाला असता. हा गिऱ्हाईक झाला. आज आमच्या खेड्यांत कोणत्या वस्तींतल्या माणसाच्या दुकानाची पायरी कोण चढत नाहीं, हें ज्याचें त्याला ठाऊक आहे. बहुजनांच्या सभेंत समतेचीं भाषणें करून परततांना दलिताच्या दुकानचा चहा टाळणाऱ्यांची यादी छापावयास आमच्या पत्राचें एक पान पुरणार नाहीं.

मोठ्या शहरीं आतां डी-मार्टसारखीं दुकानें झालीं आहेत, आणि फोनवरून माल मागविण्याची सोय खेड्यांतहि आली. त्यांचा स्वस्तपणा ही जादू नव्हे. डी-मार्टचें पहिलें दुकान २००२ सालीं मुंबईंत पवईला निघालें. बहुतेक जागा स्वतःच्या, म्हणून भाडें नाहीं. माल देणाऱ्याचे पैसे लवकर चुकते, म्हणून भाव कमी. रोजचा खपणारा माल, म्हणून फिरती जलद. आणि उधारी नाहीं. शंभर रुपयांच्या विक्रींत निव्वळ नफा पांचाच्या आसपास. म्हणजे आम्ही वर सांगितलेला किराणावाल्याचाच हिशेब, फक्त मोठ्या कढईंत.

तो हिशेब गरिबांनींहि एकदां करून दाखविला आहे. इंग्लंडांत रॉचडेल म्हणून गांव आहे. तेथें विणकर व इतर कामकरी मिळून अठ्ठावीस माणसांनीं पैसा पैसा साठवून २८ पौंड जमविले आणि २१ डिसेंबर १८४४ रोजीं एक दुकान उघडलें. माल काय, तर लोणी, साखर, पीठ, ओटाचा भरडा आणि मेणबत्त्या. शहरचे लोक हंसले. नियम मात्र कडक: वजन पुरें, मालांत भेसळ नाहीं, विक्री रोखीनें, भाव बाजाराचाच, आणि जो नफा राहील तो, ज्यानें जितकी खरेदी केली तितक्या प्रमाणांत त्याला परत. जगांतल्या ग्राहक सहकारी संस्थांनीं पुढें हीच वाट धरली. आपल्याकडे १९४८ सालीं मुंबईंत नायगांवच्या कामगारांनीं असेंच दुकान घातलें, पुढें त्याचेंच नांव अपना बाजार झालें. १९७५ पासून मुंबई ग्राहक पंचायतीनें तर दुकानाशिवाय काम चालविलें: शेजारच्या कांहीं कुटुंबांचा संघ, महिन्याची एक यादी, मूळ ठिकाणाहून ठोक खरेदी, आणि अंगणांत वांटप. ती मंडळी बहुतेक शहरांतली पांढरपेशी, पण चांगली युक्ति कोणाच्याहि घरची असो, ती उचलण्यांत कमीपणा नाहीं.

सहकाराचें नांव काढलें कीं आमच्या वाचकांच्या कपाळाला आठी पडते, तें आम्ही जाणतों. चेअरमनचा भाचा गल्ल्यावर, संचालकांच्या घरीं उधारीचीं पोतीं, आणि सभेंत "मंजूर, मंजूर". रॉचडेलचे विणकर ज्या एका नियमानें तगले, रोखीच्या, तोच आम्ही पहिल्या महिन्यांत मोडतों. म्हणून मोठी संस्था काढा असें आम्ही म्हणत नाहीं. दहा घरांच्या बचत गटानें तेलाचे डबे, साखरेचें पोतें आणि साबणाचीं खोकीं महिन्याला एकदां ठोक आणावीं. दहा घरें महिन्याला दोन-दोन हजारांचा किराणा नेतात असें धरलें तर वीस हजारांचा माल होतो. त्यावर शेंकडा आठ वांचले तरी सोळाशें, वर्षाला एकोणीस हजार दोनशें. एवढ्या रकमेंत गटाची पावसाळ्यांतली गरज गटालाच भागवितां येते, आणि मुकादमाची उचल घरीं येईपर्यंत शाबूत राहते.

गांवच्या दुकानदारालाहि आमचें एक सांगणें आहे. १८७९ च्या कायद्यांतलें पासबुक त्यानें आपण होऊन सुरू करावें. उधारीच्या प्रत्येक घराला दहा रुपयांची एक वही द्यावी. माल नेतांना दोन्ही वह्यांत एकच ओळ, तारीख, जिन्नस, वजन, दर. रोखीचा दर आणि उधारीचा दर दुकानाच्या पाटीवर शेजारीं शेजारीं लिहावे. ज्याची वही सरळ आहे त्याला यांत भिण्यासारखें कांहीं नाहीं, आणि त्याचींच गिऱ्हाइकें वाढतील. उधारी बुडविणाऱ्याच्या तोंडावर मारावयास त्याच्याहि हातीं पुरावा राहील.

यंदाच्या दसऱ्याला हिशेब करावयास जातांना घरांतली शिकलेली मुलगी बरोबर न्यावी. बेरीज तिनें करावी, आणि पैसे दिल्यावर वहीच्या त्या पानावर दुकानदाराची सही घ्यावी. कारखान्यावर निघतांना कोयते, भांडीं, पांघरुणें गाडींत चढतात. वही मात्र गाडींत टाकूं नये, ती मागें राहणाऱ्या आजीपाशीं ठेवावी. कारण गाडी हलल्यावरहि तिचा आणि शाळेसाठीं मागें ठेवलेल्या नातवंडांचा चहा-साखरेचा पुडा त्याच दुकानांतून यावयाचा असतो.